पंधरा मिनिटं आणि एक खुर्ची

सूप मांडीवर घेऊन विडी वळायला बसलेल्या बाईची मान किती वेळ खाली असते, हे सोलापुरात एका घरी मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. पाऊण तासात त्या अक्कांनी मान तीनदा वर केली. एकदा नळाला पाणी आलं म्हणून, एकदा नातू रडला म्हणून आणि एकदा मी अजून बसलेय की गेले ते बघायला. बाकी सगळा वेळ नजर पानावर. तेंदूचं पान पत्र्याच्या मापानं कापायचं, त्यावर तंबाखू पसरायची, बोटांत वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं की दुसरं पान हातात. मजुरी हजारावर मिळते. हजार पुरे होईपर्यंत मान वर काढण्याची चैन कुणाला परवडत नाही.

मी गेले होते त्यांच्या गुडघ्यासाठी. व्यायाम दाखवून झाले आणि निघता निघता त्यांच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी हात ठेवला. बोटांखाली सुपारीएवढी टणक गाठ लागली. मी ती जराशी दाबली, तर अक्कांनी हातातलं पान खाली न ठेवताच विचारलं, “डॉक्टरबाई, ते हाडच हाय न्हवं?”

ते हाड नव्हतं. तो स्नायू होता. वर्षानुवर्षं आखडलेला राहून त्याचा लुसलुशीतपणाच गेला होता आणि त्या बाईंना तो आपल्या सांगाड्याचाच भाग वाटू लागला होता. फिजिओथेरपी शिकून, दवाखाना चालवून मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आखडलेले खांदे मी रोजच बघत होते. पण दुखणं इतकं मुरतं की माणूस त्याला हाड समजून चालतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ही पुस्तिका त्या प्रश्नापासून सुरू झाली.

हिचा विषय लहान आहे. माणसाला खुर्चीवर बसवून, अंगावरचे कपडे तसेच ठेवून, तेल न लावता, दहा-पंधरा मिनिटं त्याची पाठ, खांदे, मान, हात आणि डोकं हातांनी मोकळं करायचं. इंग्रजीत याला चेअर मसाज म्हणतात. मॉलमध्ये किंवा रेल्वे स्टेशनवर पैसे टाकून घरघर करणारी जी खुर्ची मिळते, तिचा याच्याशी संबंध नाही. तिथं खुर्ची मालिश करते. इथं माणूस माणसाला मालिश करतो आणि खुर्ची फक्त आधाराला असते. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची, दोन उशा आणि एक स्वच्छ पंचा एवढ्यावर काम भागतं.

पण हात लावण्याआधी हाताखाली काय आहे ते समजून घ्यायला हवं. म्हणून थोडं स्नायूंविषयी.

स्नायू आवळायला शक्ती लागते, हे सगळ्यांना पटतं. सैल व्हायलाही त्याला शक्ती लागते, असं वर्गात सांगितलं की मात्र चेहरे प्रश्नार्थक होतात. स्नायूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन नावाच्या प्रथिनांचे तंतू असतात. ते एकमेकांना धरून ओढतात, तेव्हा स्नायू आखूड होतो. ही धरलेली पकड सुटायची तर एटीपी हा शक्ती पुरवणारा रेणू तिथं यावा लागतो. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते यामुळेच. एटीपी तयार व्हायचं थांबतं आणि धरलेलं सोडायला कुणी उरत नाही. जिवंत माणसाच्या खांद्यात इतकं टोकाचं काही घडत नाही. पण स्नायू तासन् तास थोडासा आवळलेला राहिला, तर त्याच्या पोटातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, आणि सुटण्यासाठी ज्याची गरज आहे त्याचीच टंचाई होते. गाठी अशाच कोंडीतून होत असाव्यात, अशी मांडणी जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सिमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी केली. ट्रिगर पॉइंटवरचा, म्हणजे अशा गाठींवरचा, त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या आणि केनेडींना पाठदुखीवर झुलती खुर्ची वापरायचा सल्ला त्यांचाच. बसल्या जागी शरीर थोडं हलत राहिलं तर स्नायू एकाच ताणात अडकून पडत नाहीत, एवढं साधं कारण त्यामागे होतं. गाठींच्या या मांडणीवर तज्ज्ञांमध्ये आजही वाद आहेत. गाठ मात्र बोटाला लागते, आणि ती दाबली की दुखणं कधी कानामागे, कधी कपाळात उमटतं. हे मी हजारो खांद्यांवर अनुभवलं आहे.

आता तो खांदाच जवळून पाहू. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोंचं असतं. पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरून उभं राहा, काही वाटत नाही. तीच हात लांब करून धरा, मिनिटाभरात दंड थरथरायला लागतात. वजन वाढलेलं नसतं, ते अंगापासून लांब गेलेलं असतं. मान पुढे झुकली की डोक्याचं हेच होतं, आणि ती पिशवी लांबून धरून ठेवण्याचं काम मागच्या स्नायूंवर येतं. त्यातला एक मोठा, पतंगाच्या आकाराचा ट्रॅपेझियस. कवटीच्या मागच्या हाडापासून निघून दोन्ही खांद्यांवर पसरतो आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत उतरतो. त्याच्याखाली दडलेला दुसरा, लेव्हेटर स्कॅप्युली. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून तो तिरपा खाली येतो आणि खांद्याच्या पात्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्याला चिकटतो. अक्कांची सुपारी होती ती याच कोपऱ्यावर. “मान धरली” म्हणून माणसं डोकं एका बाजूला वाकडं करून येतात, तेव्हा मी पहिला हात इथंच ठेवते.

तिसरी जागा कवटीच्या तळाशी, केस संपतात तिथं. लहान लहान स्नायूंच्या चार जोड्या तिथं आहेत. विडी वळणाऱ्या बाईपेक्षा त्या जास्त आखडतात हिंजवडीत लॅपटॉपवर काम करणाऱ्या तिच्या मुलाच्या, कारण त्याची मान खाली नसते, हनुवटी पुढे निघालेली असते. पडद्याकडे बघताना चेहरा पुढे जातो, डोकं मागच्या बाजूनं मुडपतं आणि हे इवलेसे स्नायू दिवसभर चिमटीत धरल्यासारखे राहतात. डोक्याला पट्टा बांधल्यासारखं वाटणं, डोळ्यांमागे जडपणा येणं, यातलं बरंच या जागेतून येतं. आई सुपावर, मुलगा लॅपटॉपवर, दोघांची दुखणारी जागा वितीभर अंतरावर. त्या घरात बसून मला हे फार लागलं होतं.

आता खुर्चीकडे येते. मालिश तर जगात सगळीकडे आहे, मग ही खुर्ची कुठून आली?

तिला स्वतंत्र विद्येचं रूप दिलं डेव्हिड पामर यांनी, १९८० च्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. जपानी पद्धतीची अम्मा मालिश शिकवणारी संस्था ते चालवत. विद्यार्थी शिकून तयार व्हायचे, पण त्यांना काम मिळेना. पामर यांनी कारण शोधलं, तर दोष विद्यार्थ्यांच्या हातात नव्हता. अनोळखी माणसासमोर, बंद खोलीत, कपडे उतरवून, तासभर पालथं पडून राहायला बहुतेकांचं मन धजत नव्हतं. शिवाय एवढ्या वेळाचे पैसेही सगळ्यांना झेपण्यासारखे नव्हते. मग त्यांनी एकेक अडचण बाजूला केली. कपडे अंगावर राहू देत. झोपू नका, बसा. दार उघडं असू दे. पंधरा मिनिटं पुरेत. सुरुवातीला साध्या स्टुलांवर काम चाललं. त्यांचे विद्यार्थी ॲपल कंपनीच्या कचेरीत जाऊन काम करणाऱ्यांचे खांदे मोकळे करून देऊ लागले. १९८६ मध्ये सर्ज बुईसू या फ्रेंच सुताराच्या मदतीनं खास खुर्ची बाजारात आली. माणूस तिच्यात पुढच्या बाजूला कलून बसतो. गुडघे गादीवर, छाती उतरत्या फळीवर, हात समोरच्या पट्टीवर आणि चेहरा मधे पोकळ असलेल्या उशीत. डोक्याचं ओझं उशीनं घेतलं की मानेला धरण्यासारखं काही उरत नाही, आणि तेव्हाच ती हाताचं ऐकते.

पामर यांना हे सुचू शकलं, कारण अम्मा मुळातच कपड्यावरून, तेलाशिवाय दाबण्याची पद्धत. ती चीनमधून जपानमध्ये गेली आणि तिथं अंध माणसांचा हक्काचा पेशा बनली. सतराव्या शतकातले सुगियामा वाइची (१६१०–१६९४) स्वतः अंध होते. बारीक सुई नळीतून टोचण्याची जी रीत ॲक्युपंक्चरवाले आजही वापरतात, ती त्यांची. अंधांना सुया आणि मालिश शिकवणाऱ्या शाळाही त्यांच्यामुळे उभ्या राहिल्या. पुढे कितीतरी वर्षं जपानच्या गल्ल्यांतून रात्री शिट्टी वाजवत अंध मालिशवाले फिरत आणि थकलेली माणसं त्यांना आवाज देऊन बोलावून घेत. माझ्या वर्गात सुरुवातीचे दोन तास मी सगळ्यांना डोळे मिटून काम करायला लावते, ते या माणसांची आठवण ठेवून. डोळे उघडे असले की हात आळशी होतात.

आपल्याकडेही हे नवखं नाही. न्हाव्याकडे दाढी-कटिंग झाल्यावर डोकं, मान, खांदे चेपून मिळतात, ती खुर्चीवरचीच मालिश. गिरगाव चौपाटीवर तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारे चंपीवाले मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले. ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्रजीत गेला तो चांपणं-दाबणं या अर्थाच्या हिंदी शब्दावरून, आणि पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्राइटनला जी ‘शॅम्पूइंग’ची स्नानगृहं काढली, त्यात केस धुणं कमी आणि अंग रगडणंच जास्त होतं. तालमीत पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. दिवाळीत घरोघरी अभ्यंग होतं. आपल्या भाषेत नुसते शब्द मोजले तरी हाताला किती बारकावे ठाऊक होते ते कळतं. पाय चेपतात, डोकं दाबतात, अंग रगडतात, गुडघा चोळतात, बाळाला थोपटतात आणि टाळूवर तेल जिरवतात. ‘जिरवणं’ या एका शब्दात किती सबुरी आहे! या पुस्तिकेत मी शक्यतो हेच शब्द वापरले आहेत. विद्यार्थी परकी नावं पाठ करतात आणि विसरतात. चेपणं आणि थोपटणं त्यांच्या हातांना आधीपासून येत असतं.

एवढं सगळं असून आपल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या पाठीला कुणाचा हात लागत नाही. बायकांचं तर विचारूच नका. बाळंतिणीला सव्वा महिना मालिशवाली बाई येते. सव्वा महिना संपला की त्या पाठीकडे कुणी फिरकत नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं ती बाई सगळ्यांच्या डोक्याला तेल लावते, सासूचे पाय चेपते, नातवंडांना न्हाऊ घालते, आणि तिची स्वतःची मान धरली तर बाम चोळून कामाला लागते. पुरुषांना सलून तरी आहे, तिला तेही नाही. त्यातून ‘मालिश’ या शब्दाला शहरात जो भलताच वास चिकटला आहे, त्यामुळे सभ्य घरातली माणसं तो उच्चारायलाही कचरतात. मला याचा राग येतो. उत्तम, उपयोगी, स्वस्त गोष्ट शब्दाच्या बदनामीपायी लोकांपासून दूर राहावी, हे मला मान्य नाही.

खुर्चीचं खरं मोल मला इथं दिसतं. खुर्चीत बसलेला माणूस कपड्यात असतो, चार लोकांत असतो आणि नको वाटलं तर त्याच क्षणी उठून चालू लागू शकतो. पालथं पडलेल्या माणसाला उठणं अवघड जातं, बोलणं त्याहून अवघड. आपल्याला उठता येतं हे ज्याला ठाऊक असतं, त्याचे खांदे अर्धे तिथंच सैल होतात. एका महिला मंडळात पहिल्या दिवशी कुणीच बसायला तयार नव्हतं. शेवटी एक शिक्षिका पदर खोचून पुढे आल्या. मंडळाच्या सभागृहात, सगळ्यांसमोर त्यांची पंधरा मिनिटं झाली, आणि पुढच्या अर्ध्या तासात रांग लागली. बंद खोली असती तर त्यांतली एकही आली नसती.

त्याच दिवशी एक व्यावहारिक धडाही मिळाला. पुरुषांना मी खुर्ची उलटी करून, पाठीच्या बाजूला तोंड करून दोन्हीकडे पाय सोडून बसवत असे. साडी नेसलेल्या बाईला तसं बसता येत नाही आणि तसं सांगणंही बरं दिसत नाही. तेव्हापासून आम्ही खुर्ची टेबलासमोर सरळ ठेवतो, टेबलावर दोन उशा एकावर एक रचतो, वर धुतलेला पंचा घालतो, आणि बाई पुढे कलून कपाळ उशीवर टेकवते. नाक मोकळं राहील एवढी जागा सोडायची. उशा कमी पडल्या तर मान ताणते, जास्त झाल्या तर हनुवटी वर जाते. योग्य उंची कोणती, हे बसलेल्या माणसालाच विचारायचं. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्या टाळा, फरशीवर त्या सरकतात.

आता हाताबद्दल. नवशिक्याची समजूत अशी असते की ताकद जितकी जास्त, तितकी मालिश चांगली. माझीही होती. पहिली दोन वर्षं मी अंगठ्यांच्या जोरावर दाबत राहिले आणि शेवटी उजव्या अंगठ्याचा सांधा इतका सुजला की तीन आठवडे मला पोळी लाटता आली नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येकांना दुसऱ्या दिवशी काळे-निळे डाग पडले असतील, याची खंत आजही आहे. ताकद लावायचीच नसते. एक पाय पुढे, एक मागे, कोपर सरळ, आणि सगळं अंग सावकाश पुढे झुकवायचं, जड दरवाजा लोटताना झुकतो तसं. दाब शरीराच्या वजनातून येतो, अंगठा केवळ तो पोचवतो. मोठ्या जागेवर तळवा किंवा कोपराखालचा मांसल भाग वापरायचा. अंगठा राखून ठेवायचा तो लहान जागांसाठी.

याहून मोठी गोष्ट थांबण्याची. दाब हळूहळू आत न्यायचा. एका ठिकाणी स्नायू हाताला अडवतो, तिथंच थांबायचं, पुढे घुसायचं नाही. तेवढाच दाब धरून वीस-तीस सेकंद उभं राहायचं. बसलेल्या माणसाला विचारायचं, की दुखण्याला दहापैकी किती मार्क द्याल? पाच-सहा म्हणाला तर ठीक. आठ म्हणाला, श्वास रोखला किंवा खांदा कानाकडे ओढला, तर आपण जास्त गेलो. स्नायूला भीती वाटली की तो आणखी आवळतो. “दुखतंय, पण बरं वाटतंय” हे वाक्य आलं की जागा आणि दाब दोन्ही बरोबर. अक्कांच्या त्या कोपऱ्यावर मी असाच अंगठा धरून उभी होते. पहिले पाच-सहा श्वास काही झालं नाही. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला, पोटातून, आणि अंगठ्याखालचं टणकपण लोणी उन्हात मऊ होतं तसं कडेकडेनं मऊ होऊ लागलं. मी दाब वाढवला नव्हता. अंगठा आपोआप थोडा खाली गेला. उजवा खांदा डाव्याच्या बरोबरीला आला. अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाल्या, “तिकडं बघाया आधी सगळं अंगच फिरवत होते की मी.”

असं होण्यामागे नेमकं काय असतं? दाब आणि स्पर्श यांचे संदेश मज्जारज्जूत पोचतात तेव्हा ते दुखण्याच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवतात, ही कल्पना रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. ठेच लागली की आपण आपसूक ती जागा चोळतो, त्याचं हे शास्त्र. शिवाय सावकाश, भरीव दाबानं शरीर विश्रांतीच्या बाजूला झुकतं, श्वास लांबतो, नाडी मंदावते. मियामी विद्यापीठात टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटांची खुर्चीवरची मालिश, पाच आठवडे. मालिशीनंतर त्या लोकांनी गणितं आधीपेक्षा लवकर आणि अचूक सोडवली. म्हणजे मालिशीनं माणूस पेंगतोच असं नाही, तो ताजाही होतो. प्रयोग लहान होता, पन्नास माणसांचा. त्यावरून फार मोठे दावे मी करणार नाही.

दाव्यांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी ठामपणे सांगते. मालिशीनं शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि त्यांना आपल्या अंगठ्याची मदत लागत नाही. स्नायूत साचलेलं लॅक्टिक ॲसिड मालिशीनं निघून जातं, हेही तसंच. व्यायामानंतर ते तासाभरात आपोआप कमी होतं, आणि सुपावर किंवा लॅपटॉपवर आखडलेल्या खांद्यात त्याचा संबंधच नसतो. मालिशीनं मिळतो तो आराम. तो खरा असतो आणि थोड्या काळाचा असतो, काही तास ते काही दिवस. एवढं खरं सांगितलं तरी लोक येतात, असा माझा अनुभव आहे.

आणि आता ज्यासाठी मला हे पान मोठ्या अक्षरात छापावंसं वाटत होतं, ते. मानेला झटका देऊन कडाका काढू नका. सलूनमध्ये हनुवटी आणि डोकं धरून मान फिरवतात, कट्ट असा आवाज येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. अशा झटक्यानं त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथं गुठळी होते आणि माणसाला पक्षाघात येतो. हे क्वचित घडतं, पण तरुण, धडधाकट माणसांना घडतं, आणि डॉक्टरांनी ते पुन्हा पुन्हा नोंदवलेलं आहे. त्या आवाजानं स्नायू सुटत नाही. या पुस्तिकेतल्या एकाही कृतीत मान फिरवायला सांगितलेली नाही.

मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या दोन्ही अंगांना बोट लावायचं नाही, तिथं मेंदूच्या मोठ्या धमन्या आहेत. मणक्याच्या हाडावर दाबायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर काम करायचं. फासळ्या संपतात तिथं, कंबरेच्या वर, बुक्क्या मारायच्या नाहीत. ताप असेल, त्वचेवर पुरळ किंवा जखम असेल, नुकतं ऑपरेशन झालेलं असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, एका पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. गरोदर बाईच्या बाबतीतही तेच. हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, कप हातातून निसटतो असं कुणी सांगितलं तर प्रश्न बहुधा स्नायूचा नाही, नसेचा आहे. आणि डावा खांदा किंवा जबडा अचानक दुखतोय, घाम फुटलाय, छातीत दडपण आहे, असं ऐकलं तर खुर्ची बाजूला सारून सरळ हॉस्पिटल गाठायचं. असं काही होतंय का, हे मी दरवेळी आधी विचारते, समोरचा पंचविशीचा असला तरी.

खुर्चीवरच्या मालिशीचा एक खास धोकाही आहे. बसलेला माणूस सैल होता होता कधी कधी रक्तदाब उतरून त्याला भोवळ येते. उपाशी आलेल्यांना, विशेषतः उपासाच्या दिवशी, हे जास्त होतं. घाम येणं, मळमळणं, बोलणं तुटक होणं ही आधीची चिन्हं. लगेच काम थांबवून आडवं निजवायचं, पाय उंच करायचे. म्हणून बसवण्याआधी “काही खाल्लंय का?” हे विचारायचं, आणि संपल्यावर लगेच उठू द्यायचं नाही. शेवटी पाठीवर हलकं थोपटून जागं करायचं, मिनिटभर बसवून ठेवायचं, पाणी द्यायचं.

एक गोष्ट मात्र या पंधरा मिनिटांच्या आवाक्यात नाही. ज्या कामानं मान आखडली ते काम तसंच राहिलं, तर आपण फुटक्या घागरीत पाणी भरतो आहोत. अक्कांच्या घरी आम्ही सुपाखाली पाट ठेवला, त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि दर शंभर विड्यांमागे एकदा खांदे मागे फिरवायचे असं ठरलं. शंभरामागे अर्धं मिनिट. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि “हे जमंल” म्हणाल्या. विसावा सुचवताना समोरच्याची मजुरी किती बुडेल याचा हिशेब सुचवणाऱ्यानं आधी करायला हवा. तो न करता दिलेला सल्ला मी पुष्कळ वर्षं दिला आणि तो कुणी पाळला नाही.

पुस्तिकेची रचना साधी आहे. पाठीपासून सुरुवात करून खांदे, मान, कवटीचा तळ, दंड, मनगट, तळहात आणि शेवटी डोकं, याच क्रमानं प्रकरणं आहेत. सगळं वाचून मग हात लावू असं करू नका. एकेक प्रकरण वाचा आणि त्याच संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी बसवा. मनगटाचं प्रकरण मी मुद्दाम मोठं ठेवलं आहे. शिंपी, स्वयंपाक करणाऱ्या बायका, संगणकावर टाइप करणारी मुलं, सगळ्यांचा कोपराखालचा हात दुखतो आणि तिथं कुणीच बघत नाही. डोक्याचं प्रकरण लहान आहे, ते तुम्हाला लहानपणापासून येतं.

ज्यांच्या खांद्यांवर मी शिकले त्यांतल्या बहुतेकांनी आपलं नाव छापू नका असं सांगितलं, म्हणून नावं दिलेली नाहीत. अक्कांची सून आता आठवड्यातून दोनदा त्यांना टेबलाशी बसवते. मागच्या खेपेला गेले तेव्हा टेबलावर कपाळ टेकून सून बसली होती आणि तिच्या मागे, एक पाय पुढे, एक पाय मागे, कोपर सरळ ठेवून अक्का उभ्या होत्या. मला बघून त्यांनी हात काढला नाही. “थांबा जरा,” म्हणाल्या, “अजून सुटायचं हाय.”

पहिल्या प्रकरणात खुर्ची मांडायची आहे. दोन उशा काढून ठेवा आणि हाताची नखं कापून घ्या.